बीबी गावची रात्र

३१ डिसेंबर २०१०. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातलं बीबी नावाचं छोटंसं गाव. नवीन वर्ष लागायच्या आधीच आकाशातून पक्षी पडायला लागले. छपरांवर, अंगणात, रस्त्यावर. आकडा गेला ५,००० च्या आसपास! बहुतेक सगळे रेड-विंग्ड ब्लॅकबर्ड, खांद्यावर लाल पट्टा असलेले काळे पक्षी.

मग काय, अफवांना ऊत. विषबाधा, सरकारी प्रयोग... आणि 'जगबुडी'वाले तर तयारच बसलेले असतात. शवविच्छेदनात निघालं साधंच: जोरदार मार लागून रक्तस्राव. फटाक्यांनी झोपलेला थवा दचकून उडाला, रात्रीचं नीट दिसत नाही, घरांवर-झाडांवर आपटले. पुढच्या ३१ डिसेंबरला पुन्हा तेच, तेव्हा मात्र पोलिसांनी फटाकेच बंद करायला लावले.

२०११ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी हवामानाच्या रडारवरून दाखवलं की तिथेही नववर्षाच्या मध्यरात्री हजारो पक्षी उडतात, पार ५०० मीटर उंचीपर्यंत. (पावसासाठी लावलेलं यंत्र, डेटा पक्ष्यांचा. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना असल्या गोष्टींचं भारी कौतुक!)

आता हे सगळं का सांगतोय? माझ्याकडे पुण्यातल्या फ्लॅटमध्ये कॉकाटीलची जोडी आहे. दिवाळी आली की हमखास सल्ला मिळतो, "पिंजरा चादरीने पूर्ण झाकून टाक, अंधारात गप झोपतील." बीबीबद्दल वाचल्यापासून मला हे अजिबात पटत नाही. आवाजाने पक्षी दचकतो, पण जखमी होतो तो अंधारात आपटून. कॉकाटील तर रात्री घाबरून पिंजऱ्यात धडपडण्यासाठी प्रसिद्धच.

म्हणून आमच्याकडे पिंजरा आतल्या खोलीत, भिंतीला लागून. तीन बाजू झाकलेल्या, चौथी उघडी, आणि जवळ झिरोचा दिवा. झोपाळा, घंटा वगैरे काढून ठेवायचं. संध्याकाळपासूनच हळू आवाजात गाणी, म्हणजे पहिला बॉम्ब एकदम शांततेत फुटत नाही. खिडक्या बंद, कारण धूर. पक्ष्यांची फुप्फुसं विषारी वायू आपल्यापेक्षा लवकर पकडतात. ब्रिटनच्या कोळसा खाणींत १९८६ पर्यंत याच कामासाठी कॅनरी पाळत होते, बिचारे.

रात्री १० नंतर आवाजाच्या फटाक्यांवर सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच बंदी घातली आहे. पण आमच्या गल्लीतल्या लवंगी माळेने तो निकाल वाचलेला नाही, त्यामुळे दिवा उजाडेपर्यंत चालूच.