शिवणाच्या डब्याचे कुळ

घरोघरी कपाटाच्या वरच्या फळीवर जो एक पत्र्याचा डबा असतो, ज्याच्या झाकणावर एखादे विलायती शेतघर, गुलाबाचा गुच्छ किंवा घोडागाडी रंगविलेली असते, आणि जो उघडला असता बिस्किटांऐवजी रिळे, बटणे, हूक, टाचण्या आणि इलॅस्टिकचे भेंडोळे हाती लागून मुलांची घोर निराशा होते, तो डबा या पदास केवळ गृहिणीच्या काटकसरीमुळे पोहोचला, असा सार्वत्रिक समज आहे. तो समज निराधार नाही. परंतु डब्याची वंशावळ धुंडाळू गेल्यास असे आढळते की, त्याच्या या दुसऱ्या कारकीर्दीची तजवीज खुद्द कारखानदारानेच करून ठेवली होती.

मूळ द्रव्य पाहू गेल्यास हा पत्रा म्हणजे कथलाचा पातळ मुलामा दिलेले लोखंड होय. आपला कल्हईवाला तांब्यापितळेच्या भांड्यांना आतून जे कथील देतो तेच हे. भेद इतकाच की, तेथे ते अन्नाला तांब्याच्या कळकापासून वाचविते, तर येथे लोखंडाला गंजापासून. फ्रान्समध्ये निकोला अपेर याने काचेच्या बाटल्यांत अन्न टिकविण्याची रीत सिद्ध करून १८१० साली सरकारकडून बारा हजार फ्रँकांचे इनाम मिळविले, त्याच वर्षी लंडनमध्ये पीटर ड्युरंड याने पत्र्याच्या भांड्यांचाही समावेश असलेली सनद घेतली, आणि १८१३ च्या सुमारास ब्रायन डॉन्किन याचा बर्मंडसी येथील कारखाना अशा डब्यांतून मांस पुरवू लागला. पण ही शाखा निःसंतान म्हटली पाहिजे; कारण चोहोबाजूंनी डाख देऊन बंद केलेला तो डबा छिन्नी-हातोड्याने फोडावा लागे, आणि जो उघडताच नाश पावतो त्याला दुसरे आयुष्य कोठून लाभणार?

आपल्या डब्याचा खरा मूळपुरुष रेडिंग गावी सापडतो. जोसेफ हंटले नावाच्या क्वेकर पंथीय गृहस्थाने तेथे १८२२ साली बिस्किटांचे दुकान थाटले, ते लंडनहून बाथकडे जाणाऱ्या घोडागाड्या जेथे थांबत त्या सराईसमोर. आणि उतारूंनी घेतलेली बिस्किटे गाडीच्या धक्क्यांनी वाटेतच मोडून त्यांचा चुरा होऊ लागला, तेव्हा ती पत्र्याच्या डब्यांत भरण्याची युक्ती निघाली. हे डबे करणारा कारागीर घरातलाच, म्हणजे हंटले यांचा धाकटा मुलगा, होता. पुढे १८४१ साली जॉर्ज पामर भागीदार झाला, आणि हंटले अँड पामर्सची बिस्किटे साम्राज्याच्या कानाकोपऱ्यात जाऊ लागली. १८६८ साली या पेढीने ओवेन जोन्स याने आखलेल्या नक्षीचा डबा काढला. हा तोच जोन्स, ज्याने अलंकरणावरील आपल्या १८५६ च्या बृहद्ग्रंथात हिंदुस्थानी नक्षीला स्वतंत्र प्रकरण दिले होते. १८७५ मध्ये रॉबर्ट बार्कले याने मधल्या रुळाच्या साहाय्याने कठीण पत्र्यावर थेट रंगीत छपाई करण्याची सनद मिळविली, आणि मग पुस्तकांच्या गठ्ठ्याच्या, टोपल्यांच्या, पेटिकांच्या आकाराचे डबे निघू लागले. बिस्किटे आठवड्यात संपतील, पण डबा दिवाणखान्यात वर्षानुवर्षे राहून पेढीचे नाव मिरवीत राहील, हा त्यामागचा साधा व्यापारी हिशेब होता. घाट ठरविला तो कारखानदाराने. आत काय ठेवावे, हा अखत्यार मात्र घराकडे राहिला.

तो अखत्यार शिवणाच्याच बाजूने का वापरला गेला, याला कारण आहे. जोवर शिवण म्हणजे एक सुई आणि एक दोरा होता तोवर एखादा बटवा पुरेसा होता; पण एकोणिसाव्या शतकात लाकडी रिळे आली, १८४९ मध्ये सेफ्टी पिन आली, १८५१ मध्ये सिंगरने आपल्या यंत्राची सनद घेतली, आणि बॉबिन, तेलाची कुपी, प्रेस-बटणे, अंगुस्तान अशा बारीकसारीक जिनसांचा परिवार एवढा वाढला की, त्याला उथळ, रुंद तोंडाच्या आणि घट्ट झाकणाच्या आश्रयस्थानाची गरज भासू लागली. शिवाय जे झाकण बिस्किटाला सादळू देत नाही तेच सुईला गंजू देत नाही. आणि कोकणच्या पावसाळ्यात उघडी राहिलेली सुई किती लवकर काळी पडते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या गुणाची महती सांगावयास नको.

आपल्याकडील गृहिणींनी रिकाम्या डब्यांच्या नेमणुका मोठ्या विवेकाने केल्या. रॉकेलचा चौकोनी डबा दांडी बसवून पाणी वाहण्याच्या कामी लागला. १९३७ साली बाजारात आलेल्या डालडाचा खोल, तुपकट डबा धान्याकडे किंवा तुळशीच्या रोपाकडे गेला. आणि शिवणाचा कारभार मिळाला तो बिस्किटांच्या किंवा चॉकलेटच्या डब्याला. डेन्मार्कमधील लोण्याच्या बिस्किटांचा निळा गोल डबा तर पुढे आखातातून परतणाऱ्या नातलगांच्या सामानातून येऊन या गादीचा वारस ठरला. त्यातील दफ्तर पाहण्यासारखे असते: सुया फ्लॅनेलच्या तुकड्यात ओळीने टोचलेल्या, बटणे औषधाच्या डबीत निराळी, आणि तळाशी एकाकी पडलेले एखादे शिंपल्याचे बटण, ज्याचा सदरा केव्हाच लादी पुसण्याच्या कामी लागला आहे, कारण सदऱ्याचे पोतेरे करण्यापूर्वी त्याची बटणे कापून घेणे, ही या घराण्याची जुनी वहिवाट आहे.

हल्ली श्रीखंडाचे आणि आइस्क्रीमचे प्लॅस्टिकचे डबे मणी, टिकल्या आणि लोकरीचे गुंडे सांभाळू लागले आहेत. या नव्या डब्यांवर कोणी ओवेन जोन्स नक्षी काढीत नाही आणि ते कोणी दिवाणखान्यात मांडीतही नाही; तरी ते धुऊन, पुसून, उन्हात वाळवून फळीवर चढविले जातातच. यावरून असे म्हणावयास हरकत नाही की, कारखानदाराने आपल्या लाभासाठी जी सवय लावून दिली ती घराने आता स्वतःच्या मालकीची करून घेतली आहे, आणि तिला कोणाच्याही नक्षीची गरज उरलेली नाही.