हजेरीचे पैसे

डिसेंबर १९९४मध्ये मेक्सिकोचा पेसो कोसळला आणि सरकारला पैन्‌पैचा हिशेब करावा लागला. तोर्तिया म्हणजे तिथली मक्याची भाकरी. ती स्वस्त मिळावी म्हणून मोठा खर्च होई, पण त्याचा लाभ बहुतेक शहरांतच जिरे. अर्थखात्यातले उपमंत्री सान्तियागो लेव्ही यांचं म्हणणं असं, की त्यापेक्षा खेड्यांतल्या गरीब आईच्या हाती रोख रक्कम द्यावी. अट अशी, की मुलांची शाळेत ८५ टक्के हजेरी हवी आणि दवाखान्यात नेमानं तपासणी हवी. १९९७ साली ‘प्रोग्रेसा’ सुरू झाली.

सातवीपासून मुलींना मुलांपेक्षा थोडी जास्त रक्कम होती. प्राथमिक शाळेत दहातली नऊ मुलं जातच होती, गळती व्हायची ती सहावीनंतर. आमच्या मोहल्ल्यातही मुलींचं दप्तर सुटायचं ते याच वयात, त्यामुळे यातलं शहाणपण मला लगेच पटलं. पैसे बाईच्या हाती आले, तसे दवाखान्याचे आणि आरोग्याच्या सभांचे खेटेही बाईच्याच पायी आले, हेही खरं.

मी कवी माणूस, आकड्यांत फारसा रमत नाही. पण १८६ हा आकडा मनातून जात नाही. सगळीकडे एकदम द्यायला पैसा नव्हता, म्हणून ५०६ गावांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड झाली. ३२० गावांना १९९८मध्ये पैसे मिळाले. उरलेली १८६ सुमारे दीड वर्ष तुलनेसाठी ठेवली. पुढे माध्यमिक शाळेतल्या मुलींचं प्रमाण ६७ टक्क्यांवरून सात ते नऊ टक्क्यांनी वाढलेलं दिसलं, मुलग्यांचं त्याहून कमी. हे कळलं ते त्या १८६ गावांमुळेच. तिथं १९९८मध्ये सहावी होऊन घरी बसलेली मुलगी पैसे येईपर्यंत चुलीपाशी रुळली असणार. अहवालात ती फक्त तुलनेपुरती आहे.

पण हा पुरावा कामी आला. २००० साली ७१ वर्षांची सत्ता उलटली, तरी नव्या सरकारनं योजना मोडली नाही. २००२मध्ये नाव तेवढं बदललं, २०१४मध्ये पुन्हा बदललं. २०१९ साली मात्र ती बंद झाली. तिच्या जागी शाळकरी मुलांसाठी कुटुंबामागे एकच ठरावीक शिष्यवृत्ती आली. दवाखान्याची अट गेली आणि मुलींची ती थोडी जास्तीची रक्कमही गेली.