मुरगावची तटस्थता कोणाची?

१९३९ साली युद्धाला तोंड फुटले आणि एरेनफेल्स, ब्राउनफेल्स, द्राखेनफेल्स ही जर्मन व्यापारी जहाजे मुरगाव बंदरात आश्रयाला आली. इटलीचे अँफोराही तिथेच अडकले. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवाही तटस्थ. हे ठरवताना गोवेकरांना कोणी विचारले नव्हते. व्यापारी जहाजाने तटस्थ बंदरात मुक्काम ठोकण्यात गैर काही नव्हते, पण तिथून आपल्या आरमाराशी बिनतारी संपर्क ठेवायला १९०७ च्या हेग कराराने मनाई केली होती. एरेनफेल्स नेमके तेच करते, मित्रराष्ट्रांच्या जहाजांची खबर जर्मन पाणबुड्यांना पुरवते, असा ब्रिटिशांचा आरोप होता. ९ मार्च १९४३ च्या रात्री कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी पलटणीतले लोक फीबी नावाच्या गाळ वाहणाऱ्या बार्जमधून बंदरात शिरले. त्यातले बरेचसे पन्नाशीकडे झुकलेले, एरवी कंपन्यांच्या कचेऱ्यांत बसणारे साहेब. एरेनफेल्सचा कप्तान आणि काही खलाशी मारले गेले, आणि जर्मनांनी आपली जहाजे आपणच पेटवून बुडवली. या स्वारीची कबुली ब्रिटनने कित्येक वर्षे दिली नाही, सहभागी झालेल्यांना पदकेही मिळाली नाहीत.

पाणबुड्या माणसे बुडवत असताना कायद्याची कलमे काय चाटायची, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. पण मग उजळ माथ्याने सांगायला हवे होते. ते जमले नाही, कारण माझ्या मते, लिस्बनला दुखवणे परवडणारे नव्हते: अटलांटिकमधल्या अझोरेस बेटांवर ब्रिटनला तळ हवा होता. पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझारही काही भाबडे नव्हते. जर्मनीला टंगस्टनचे खनिज विकायचे आणि ब्रिटनला १३७३ च्या मैत्री-कराराची आठवण ठेवू द्यायची, अशी त्यांची दुकानदारी. छोट्या देशाने आणखी काय करायचे, हा युक्तिवाद मी नाकारत नाही. युद्धाबाहेर राहिल्यामुळेच लिस्बनमार्गे हजारो निर्वासित निसटले. मुरगावलाही ऑक्टोबर १९४३ मध्ये तेईया मारू आणि ग्रिप्सहोम या जहाजांवरच्या नागरिकांची अदलाबदल झाली, ती तटस्थ धक्का होता म्हणूनच. मात्र ही भूतदया धोरणाचा भाग होती, असे म्हणवत नाही. १९४० मध्ये बोर्दो इथे निर्वासितांना सढळ हाताने व्हिसा देणाऱ्या सोझा मेंडिस या वाणिज्यदूताला सालाझारनीच नोकरीतून उठवले.

किंमत कोणी मोजली, हे पाहायचे तर पोर्तुगीज तिमोरकडे वळावे लागते. डिसेंबर १९४१ मध्ये तिथे आधी ऑस्ट्रेलियन आणि डच फौजा उतरल्या, लिस्बनचा निषेध बाजूला सारून. फेब्रुवारीत जपानी आले. तिमोरी लोक उपासमारीत, सूडाच्या कारवायांत भरडले गेले. मृतांचे अंदाज चाळीस ते सत्तर हजारांच्या घरातले आहेत. तटस्थता एकाच सरकारची, एकाच शाईने लिहिलेली. तिने लिस्बन वाचवले, तिमोरला मात्र कुंपण घातले नाही. भूगोलाचा दोष म्हणून हे सोडून देता येईल? मला नाही वाटत. अझोरेसचा सौदा १९४३ च्या ऑगस्टमध्ये पक्का झाला, तेव्हा ब्रिटनने मोबदल्यात पोर्तुगालच्या वसाहतींवरील सार्वभौमत्वाची हमी दिली. त्या वसाहतींत गोवाही होता. मडगावात राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ ला सभा घेतली, ती याच सार्वभौमत्वाविरुद्ध.