‘रझाकार’ आणि लातूरचे वीस दिवस

मार्च २०२४ मध्ये प्रदर्शित झालेला याटा सत्यनारायण यांचा ‘रझाकार’ हा तेलुगू चित्रपट मी शिरूर अनंतपाळच्या घरी पाहिला. त्यातला खलनायक कासीम रझवी लातुरात वकिली करीत असे. म्हणजे ही कथा आमचीही.

रझाकारांचा जुलूम, जनतेचा प्रतिकार आणि सैन्याने केलेली सुटका अशी चित्रपटाची सरळ मांडणी आहे. जुलूम खराच होता. ‘इमरोज’चे संपादक शोएबउल्ला खान यांच्यासारखे मुसलमानही त्याला बळी पडले. १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झालेली पोलीस कारवाई पाच दिवसांत संपली.

मग निरपराध मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल समितीने मृतांचा सावध अंदाज २७ ते ४० हजार दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड सर्वाधिक होरपळले. लातुरात कत्तल वीसहून अधिक दिवस चालली. त्याच अहवालात, मुसलमान विणकरांना वाचवताना जीव गमावणाऱ्या हिंदू विणकरांचीही नोंद आहे.

१७ सप्टेंबरच्या झेंडावंदनाला मी दरवर्षी अभिमानाने जातो. त्या विणकरांचे नाव मात्र तिथल्या भाषणात अजून ऐकलेले नाही. मुक्तीचे मोल त्यांनीही चुकवले होते.