घरगुती कॉफीपात्रांचा इतिहास आणि त्यांचा खर्च

अठराव्या शतकातील युरोपात घरी कॉफी करण्यासाठी वेगळे उपकरण सहसा लागत नसे. पाणी आणि पूड एकत्र उकळायची, चोथा तळाशी बसू द्यायचा आणि वरची निवळी हलक्या हाताने ओतून घ्यायची, एवढीच कृती होती. निवळी लवकर धरावी म्हणून कोणी अंड्याचे कवच किंवा पांढरा बलक टाकीत, तर कोणी माशाच्या वाताशयापासून केलेला सरसासारखा पदार्थ घालीत. भांड्यावर काही खर्च होत नसे, पण सरपण भरपूर जळे आणि फार वेळ उकळल्याने कॉफी कडवट होई. पूड कापडी पिशवीत बांधून गरम पाण्यात सोडण्याची रीत फ्रान्समध्ये याच शतकात निघाली. तिने चोथ्याचा प्रश्न सुटला, मात्र कापडाला लवकरच खवट वास लागे.

१८०० च्या सुमारास पॅरिसमध्ये दुमजली भांडे प्रचारात आले. त्याचे श्रेय तिथले आर्चबिशप ज्याँ-बातीस्त द बेल्वा यांना दिले जाते. वरच्या भांड्याच्या सच्छिद्र तळावर पूड पसरून तिच्यावर उकळते पाणी ओतले, की अर्क थेंबथेंब खालच्या भांड्यात उतरे. दक्षिण भारतातील पितळी किंवा स्टीलचा फिल्टर याच तत्त्वावर चालतो. माटुंग्यात स्थायिक झालेल्या दाक्षिणात्य कुटुंबांमुळे तो मुंबईकरांच्याही ओळखीचा झाला. मराठी घरांतली जायफळ घातलेली कॉफी मात्र उकळण्याच्या जुन्याच वळणावर राहिली. दुमजली भांड्यात अडचण एकच होती, ती म्हणजे पाणी झिरपेपर्यंत कॉफी निवून जाई. उष्णता आणि चुली यांचा जाणकार असलेल्या काउंट रमफर्डने १८१२ मध्ये कॉफीवर एक निबंध लिहिला. उकळीबरोबर कॉफीचा सुगंध उडून जातो, असे सांगून त्याने गाळणीभोवती गरम पाण्याचे आवरण असलेले भांडे सुचवले. पुढे अमेरिकेत लोकप्रिय झालेल्या पर्कोलेटरने तयार अर्क पुन्हापुन्हा उकळून पुडीवर सोडला, म्हणजे रमफर्डने टाळायला सांगितलेली चूकच यंत्रात बसवली.

१८१९ मध्ये मोरीझ नावाच्या पॅरिसमधील पत्रेकारागिराने उलटायचे भांडे काढले. ते नेपल्समध्ये इतके रुजले की त्याला 'नापोलेताना' हेच नाव पडले. खाली पाणी, मध्ये पुडीची डबी आणि वर तोटी खाली केलेले दुसरे भांडे अशी त्याची रचना असते. पाण्याला उकळी फुटली, की सगळे भांडे चुलीवरून काढून एका झटक्यात उलटे करायचे आणि अर्क उतरेपर्यंत थांबायचे. एदुआर्दो दे फिलिप्पो यांच्या १९४६ च्या एका नाटकातील पात्र सज्जात बसून शेजाऱ्याला या कॉफीची कृती समजावून सांगते. त्यात तोटीवर कागदाची पुंगळी बसवून वास कोंडून धरण्याची युक्तीही येते.

या काळात खर्च फक्त कॉफीपात्राचा नव्हता. हिरवे बी महिनोन्‌महिने टिकते, भाजलेले लवकर उतरते आणि दळलेले त्याहून लवकर. म्हणून लोक हिरवे बी आणून लागेल तसे घरीच भाजत आणि दळत. त्यासाठी दांड्याने फिरवायचे भाजणीचे पत्र्याचे डबडे लागे आणि हातचक्कीही लागे. फ्रान्समध्ये प्युजो घराण्याच्या पोलाद कारखान्याने १८४० पासून, म्हणजे मोटारींच्या कितीतरी आधी, कॉफीच्या चक्क्या काढल्या. पोलादी दातांच्या अशा चक्कीत पूड जाडी-बारीक करता येई आणि ती पुढच्या पिढीलाही पुरे. साधनांमध्ये पैसा घालण्याजोगी वस्तू खरे तर हीच होती आणि अजूनही आहे, कारण ओबडधोबड दळलेली पूड कोणत्याही भांड्यात नीट उतरत नाही.

१९०८ मध्ये ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंत्झ या गृहिणीने पितळी भांड्याच्या तळाला खिळ्याने भोके पाडली आणि मुलाच्या वहीतला टीपकागद त्यावर ठेवला. कॉफी स्वच्छ उतरली. त्याच वर्षी तिने या कल्पनेची नोंदणी केली आणि अवघ्या ७३ फेनिगच्या भांडवलावर कंपनी काढली. पुढच्या वर्षी लाइपझिगच्या जत्रेत १,२०० गाळण्या खपल्या. तिच्या गाळणीने खर्चाचे स्वरूप पालटले. भांडे साधे आणि स्वस्त होते, पण प्रत्येक वेळी नवा कागद घालावा लागे. कॉफीबरोबर कागदही घरच्या सामानाच्या यादीत आला आणि कंपनी त्यावर वाढली.

इटलीत मात्र भांडे एकदाच घेण्याचा मार्ग टिकला. अल्युमिनियम १८८६ पर्यंत महागडा धातू होता. विजेच्या साहाय्याने तो वेगळा करण्याची पद्धत त्या वर्षी सापडली आणि भाव कोसळले. इटलीच्या ताब्यातील इस्त्रियात बॉक्साइट होते, त्यामुळे मुसोलिनीच्या स्वावलंबनाच्या धोरणात या धातूला मान मिळाला. फ्रान्समध्ये अल्युमिनियमचे काम शिकून आलेल्या अल्फोन्सो बियालेत्तीने १९३३ मध्ये पिएमोंतेतील क्रुझिनाल्लो येथे आठ पैलूंचे 'मोका' भांडे बाजारात आणले. खालच्या कप्प्यातील वाफेचा दाब पाणी पुडीतून वर ढकलतो. हा दाब एक-दोन बारचा असतो, एस्प्रेसो यंत्राचा नऊच्या आसपास. तेव्हा मोकाची कॉफी एस्प्रेसो नव्हे, जाहिराती काहीही म्हणोत. दुसऱ्या महायुद्धापूर्वी बियालेत्ती हे भांडे आसपासच्या बाजारांत विकत असे. युद्धानंतर मुलगा रेनातो याने कारभार हाती घेतला आणि बोट वर केलेल्या मिशाळ माणसाचे चित्र देशभर पोहोचवले. २०१६ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या अस्थी मोकाच्याच आकाराच्या मोठ्या पात्रात ठेवण्यात आल्या.

मोका निवडताना मापाचा विचार आधी करावा लागतो. सहा कपांच्या भांड्यात दोन कप नीट होत नाहीत, म्हणून इटालियन घरांत दोन-तीन मापांची भांडी असतात. झिजलेली रबरी कडी बदलणे हाच काय तो पुढचा खर्च. युद्धोत्तर काळात हवाबंद पुडीची पाकिटे घरोघर गेली, त्याबरोबर भाजणीचे डबडे माळ्यावर गेले. त्यामागोमाग चक्कीही गेली आणि त्यांच्या वाटचा खर्च पाकिटाच्या किमतीत मिसळला.

नेस्लेने १९८६ मध्ये नेस्प्रेसो आणून हे टोकाला नेले. कॅपसूलमध्ये साधारण पाच ग्रॅम पूड असते, म्हणजे किलोभर कॉफीसाठी दोनशे कॅपसूल. घेताना यंत्राची किंमत डोळ्यांत भरते, पण वर्षभरात तिला मागे टाकते ती कॅपसूलची खरेदी. शिवाय ती कॅपसूल अल्युमिनियमची. मोकामध्ये वर्षानुवर्षे चालणारा हा धातू इथे एका कपानंतर फेकला जातो. मुख्य पेटंटे २०१२ मध्ये संपली आणि इतर कंपन्यांच्या, त्यात इटलीतील जुन्या भाजणीवाल्यांच्याही, कॅपसूल बाजारात आल्या. भाव उतरले, तरी पाकिटातल्या पुडीच्या कपापेक्षा तो कप महागच राहिला.