वाट, पाणी आणि वन : कान्हेरी व संजय गांधी राष्ट्रीय उद्यान परिसराचा एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : कान्हेरी, शिलालेख, पाऊलवाट, जलव्यवस्थापन, साष्टी, आदिवासी पाडे, बिबट्या

प्रस्तावना

मुंबई महानगराच्या उत्तरेस, बोरिवली, मुलुंड आणि ठाणे यांच्या मध्ये सुमारे १०३ चौ. कि. मी. क्षेत्रात पसरलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सर्वसामान्य नागरिकास तीन निरनिराळ्या कारणांनी परिचित आहे. कोणास ते सुट्टीच्या दिवशी सहलीला जाण्याचे ठिकाण वाटते, कोणास बिबट्यांचे जंगल वाटते, तर इतिहासाच्या विद्यार्थ्यास ते कान्हेरीच्या लेण्यांचे स्थान म्हणून ठाऊक असते. अभ्यासाच्या क्षेत्रातही हीच विभागणी दिसते. लेण्यांचा अभ्यास पुरातत्त्ववेत्ते करतात, वन्यजीवांचा प्राणिशास्त्रज्ञ करतात आणि जलाशयांचा विचार नगररचनेच्या व अभियांत्रिकीच्या इतिहासात होतो. प्रशासनाची रचनाही याहून वेगळी नाही. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, वन महाराष्ट्राच्या वनविभागाकडे आणि तुळशी व विहार ही दोन्ही तळी मुंबई महानगरपालिकेकडे आहेत.

या तिन्ही गोष्टी एकाच डोंगररांगेत आहेत आणि एकाच पावसाच्या पाण्यावर उभ्या आहेत. म्हणून त्यांचा इतिहास एकत्र वाचणे आवश्यक आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. अशा वाचनासाठी 'वाट' हे एक उपयुक्त साधन ठरू शकते. डोंगरातील वाट कोणी केली, ती कोणासाठी होती आणि ती पुढे कोणास बंद झाली, या प्रश्नांच्या आधारे या परिसराच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासाचा मागोवा घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१. कान्हेरीच्या शिलालेखांतील वाट व पाणी यांविषयीच्या दानांचे महत्त्व स्पष्ट करणे.
२. एकोणिसाव्या शतकातील जलाशयांमुळे या वनाच्या स्वरूपात झालेला बदल पाहणे.
३. राष्ट्रीय उद्यानातील वन्यजीव, वारसा आणि स्थानिक रहिवासी यांच्या परस्परसंबंधाचा विचार करणे.

अभ्यासासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित शिलालेख, प्रवासवर्णने आणि सार्वजनिक नोंदी यांचा आधार घेतला आहे.

दानातील वाट

कान्हेरी येथे काळ्या पाषाणात खोदलेली शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या आरंभाच्या सुमारास सुरू झालेले हे बौद्ध केंद्र सुमारे हजार वर्षे नांदते राहिले. शिलालेखांत या डोंगरास 'कण्हसेल' म्हणजे कृष्णशैल, काळा डोंगर, असे म्हटले आहे. 'कान्हेरी' हे आजचे नाव त्याच परंपरेतील आहे. येथील शिलालेखांची संख्या पश्चिम भारतातील लेणीसमूहांत लक्षणीय आहे. ई. डब्ल्यू. वेस्ट यांनी एकोणिसाव्या शतकात त्यांच्या नकला प्रसिद्ध केल्या. डॉ. शोभना गोखले यांनी त्यांचे केलेले समग्र संपादन पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९९१ मध्ये प्रकाशित केले.

या लेखांतून भेटणारे दाते बहुसंख्येने राजे नाहीत. ते कल्याण, सोपारा, चौल, नाशिक येथील व्यापारी, सोनार, लोहार, गृहस्थ, भिक्षू आणि भिक्षुणी आहेत. तिसऱ्या क्रमांकाच्या भव्य चैत्यगृहाचे काम सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात झाले. तेथील लेखात राजाचे नाव कालनिर्देशापुरते येते, खर्च मात्र व्यापारी बंधूंचा आहे. दानाच्या वस्तूंची नावे पाहिली तर मराठी वाचकास काही शब्द ओळखीचे वाटतील. 'लेण' या प्राकृत शब्दापासून आपले 'लेणे' आले. 'पोढी' म्हणजे पाण्याचे टाके. बसण्याची 'आसनपेढी' आणि ध्यानाच्या येरझारांसाठीचा 'चंकम' यांचेही उल्लेख येतात.

या यादीतील एक शब्द प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. तो शब्द म्हणजे 'पथ'. कल्याणच्या नंद नावाच्या लोहाराने वाटेचे दान केल्याचा लेख येथे आहे. चौलच्या रोहिणीमित्र या हैरण्यकाच्या कुटुंबातील एका मुलाने वाट आणि दुसऱ्याने पाण्याचे टाके दिल्याचेही लेख आहेत. लेणे खोदवून घेणे ही मोठ्या खर्चाची बाब होती. लोहाराला ते परवडणारे नव्हते. परंतु डोंगराच्या निसरड्या उतारावर पायऱ्या खोदून वाट सुकर करणे हेही 'देयधर्म' मानले जात होते, आणि त्या दानाखाली त्याचे नाव कायमचे कोरले जात होते. वाट ही केवळ सोय नसून ती पुण्याची वस्तू आहे, ही कल्पना येथे स्पष्ट होते. त्या वाटेने जाणारा माणूस दात्याच्या ओळखीचा असण्याचे कारण नव्हते. हे दान अनोळखी पावलांसाठी होते.

पाण्याची व्यवस्था

वाटेइतकेच पाण्याला महत्त्व का होते, हे समजण्यासाठी या प्रदेशाचे ऋतुमान लक्षात घ्यावे लागते. साष्टी परिसरात वर्षाचा दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने कोरडे जातात. वर्षावासासाठी एकत्र येणाऱ्या आणि पुढे कायम वस्ती करणाऱ्या भिक्षुसंघापुढे पाणी साठविण्याचा प्रश्न होता. त्याचे उत्तर कान्हेरीत जागोजागी दिसते. लेण्याच्या अंगणाच्या कडेस खडकात टाके असते. वरच्या उतारावर कोरलेल्या पन्हळींतून पावसाचे पाणी त्यात उतरते. पाण्यात कचरा पडू नये म्हणून टाक्याचे तोंड लहान ठेवलेले असते. प्रत्येक लेण्याने आपल्या छतावरील पाऊस आपल्या दाराशी साठवावा, अशी ही विकेंद्रित योजना आहे.

संघाच्या निर्वाहासाठी 'अक्षयनीवी' म्हणजे कायम ठेव ठेवण्यात येई, तसेच शेतेही दान दिली जात. मंगलथान या गावातील शेताचा उल्लेख एका लेखात येतो. हे गाव म्हणजे बोरिवलीजवळील आजचे मागाठाणे. यावरून विहार आणि पायथ्याची शेती यांचा संबंध लक्षात येतो. डोंगरावरचे वन, मधले विहार आणि खालची गावे ही एकच व्यवस्था होती, आणि तिला जोडणारा दुवा वाट हाच होता.

पुढे नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाचे मांडलिक असलेल्या शिलाहार राजांचे, पुल्लशक्ती व कपर्दी यांचे, उल्लेख येथील लेखांत येतात. नव्वदाव्या लेण्यात पहलवी लिपीतील लेख असून त्यांचे काळ इ. स. १००९ व १०२१ असे आहेत. भेटीस आलेल्या पारशी प्रवाशांनी आपली नावे तेथे कोरून ठेवली. बौद्ध विहाराची वाट अन्यधर्मीय पाहुण्यांनाही खुली होती, याचा हा शिलांकित पुरावा होय.

पोर्तुगीज व ब्रिटिश कालखंड

१५३४ मध्ये वसईच्या तहाने साष्टी पोर्तुगिजांकडे गेली. गोव्यात १५६३ मध्ये छापलेल्या आपल्या ग्रंथात वैद्य गार्सिया द ओर्ता याने कान्हेरीचा उल्लेख केला आहे. १७३७ मध्ये साष्टी मराठ्यांनी घेतली आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकला. त्यानंतर इंग्रज प्रवासी व अभ्यासक या डोंगरात येऊ लागले. १८३९ मध्ये डॉ. जेम्स बर्ड यांनी चैत्यगृहासमोरील स्तूप उकरला असता त्रैकूटकांच्या राज्यातील, संवत्सर २४५ चा ताम्रपट मिळाला. उत्खननाची पद्धत आजच्या कसोटीस उतरणारी नसली तरी पाचव्या शतकाच्या अखेरीस येथे दानधर्म चालू होता, हे त्यामुळे निश्चित झाले.

या काळातील सर्वांत दूरगामी घटना मात्र पुरातत्त्वाशी नव्हे, तर पाण्याशी संबंधित होती. वाढत्या मुंबईत विहिरी व तळी अपुरी पडू लागली आणि १८५४ च्या टंचाईत शहराचे हाल झाले. हेन्री कॉनिबिअर यांच्या योजनेनुसार विहार तलावाचे काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६० मध्ये पूर्ण झाले. त्यानंतर १८७९ मध्ये तुळशी तलाव पुरा झाला. कान्हेरीच्या भिक्षूंनी ज्या पावसावर आपली टाकी भरली, त्याच पावसावर आता दूरच्या शहराची तहान भागू लागली. या दोन योजनांमधील फरक महत्त्वाचा आहे. टाके वापरणारा माणूस टाक्याच्या शेजारी राहत होता. तलावाचे पाणी वापरणारा तलावापासून कित्येक मैल दूर होता. पाणी स्वच्छ राहावे म्हणून पाणलोट क्षेत्रात वस्ती, शेती व वावर यांवर निर्बंध आले. त्यामुळे वन टिकले, ही गोष्ट मान्य केलीच पाहिजे. आजच्या राष्ट्रीय उद्यानाचा गाभा हा मूलतः एका नगरपालिकेचा राखीव पाणलोट आहे. परंतु पूर्वी सर्वांना मोकळ्या असलेल्या वाटा बंद होण्याची सुरुवातही येथूनच झाली.

राष्ट्रीय उद्यान व वन्यजीव

स्वातंत्र्यानंतर हे क्षेत्र प्रथम 'कृष्णगिरी' आणि पुढे 'बोरिवली' राष्ट्रीय उद्यान या नावाने ओळखले गेले. आजचे नाव १९८० च्या दशकातील आहे. डोंगराचे प्राचीन नाव उद्यानाच्या पहिल्या नावात जपले गेले होते, हे येथे नमूद करावेसे वाटते.

साग, खैर, पळस, काटेसावर, कळंब, हेदू असे येथील मिश्र पानझडी वन आहे. सात वर्षे पाने धरून आठव्या वर्षी फुलणारी कारवी येथे २००८, २०१६ आणि २०२४ मध्ये बहरली. चितळ, सांबर, भेकर, पिसोरी, वानर, उदमांजर, दुर्मीळ वाघाटी आणि तळ्यांतील मगरी असा प्राण्यांचा मोठा परिवार येथे आहे. त्याच्या शिखरावर बिबट्या आहे. २००४ च्या जून महिन्यात बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेकांचे प्राण गेले आणि बिबटे पकडून अन्यत्र नेण्याची मागणी जोर धरू लागली. नंतरच्या अभ्यासांनी मात्र असे दाखविले की, पकडून दुसरीकडे सोडलेला प्राणी अपरिचित प्रदेशात गोंधळतो व संघर्ष वाढतो. उद्यानाच्या कडेला साचणारा कचरा भटकी कुत्री पोसतो आणि कुत्री बिबट्याला वस्तीकडे खेचतात. स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने २०१५ मध्ये झालेल्या अभ्यासात उद्यान व लगतच्या परिसरात ३५ बिबटे ओळखले गेले. बिबट्यालाही वाटा असतात. तो माणसांनी केलेल्या पाऊलवाटांवरूनच रात्री फिरतो, म्हणूनच कॅमेरे वाटांच्या कडेला लावले जातात.

या वनाचे शहरावरील ऋण २६ जुलै २००५ रोजी प्रकर्षाने जाणवले. त्या दिवशी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मि. मी. पाऊस झाला आणि मिठी नदीने उपनगरांत हाहाकार उडविला. विहार तलावाच्या सांडव्याचे पाणी मिठीला मिळते, तर दहिसर, पोईसर आणि ओशिवरा या नद्यांचा उगमही याच डोंगरांत आहे. वर वनात नदी असणारा प्रवाह खाली शहरात नाला होतो, हा या परिसराच्या इतिहासातील दुःखद धडा आहे.

पाड्यांतील वाट

लेणी, तळी आणि बिबटे यांच्या वर्णनात येथील माणसे बहुधा वगळली जातात. उद्यानात व त्याच्या कडेने वारली, मल्हार कोळी, कातकरी, कोकणा अशा समाजांचे पाडे आहेत. वाघदेवाची पूजा ही त्यांची जुनी परंपरा. बिबट्याशी शेजार कसा करावा याचे ज्ञान त्या परंपरेत सामावलेले आहे.

१९९५ मध्ये दाखल झालेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. हजारो झोपड्या हलविल्या गेल्या आणि पात्र कुटुंबांचे पुनर्वसन चांदिवली येथे करण्याची योजना पुढे आली. त्या निर्णयामुळे वनाचे रक्षण झाले, हे नाकारता येत नाही. तथापि, शहराच्या विस्ताराबरोबर आलेली वस्ती आणि उद्यानाच्या अधिसूचनेपूर्वीपासून तेथे असलेला पाडा यांना एकाच 'अतिक्रमण' या शब्दात मोजणे इतिहासाच्या दृष्टीने योग्य नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासींच्या हक्कांना राष्ट्रीय उद्यानांतही मान्यता दिली. मात्र हक्क सिद्ध करण्यासाठी पुरावा लागतो. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांच्यासाठी पाड्यांची नावे, देवस्थाने, पाणवठे आणि पाऊलवाटा हाच पुरावा असतो. या गोष्टींची नोंद आपल्या विद्यापीठीय इतिहासलेखनात क्वचितच झाली आहे.

दुसरीकडे, २०१६ मध्ये उद्यानाभोवतीचे पर्यावरण संवेदनशील क्षेत्र अधिसूचित झाले आणि २०२४ मध्ये उद्यानाखालून जाणाऱ्या ठाणे–बोरिवली जुळ्या बोगद्यांची पायाभरणी झाली. दोन हजार वर्षांपूर्वी लोहाराने या डोंगरात वाट दिली. आजची वाट डोंगराच्या पोटातून जाणार आहे, आणि तिच्यावरून जाणाऱ्यास डोंगर दिसणारही नाही.

निष्कर्ष

१. कान्हेरीच्या शिलालेखांत वाट व पाणी यांना लेण्याच्या बरोबरीने दानाचा दर्जा आहे. सामान्य कारागिरांचा सहभाग त्यातून दिसतो.
२. एकोणिसाव्या शतकातील जलाशयांनी या वनाला संरक्षण दिले, परंतु वन आणि भोवतालची माणसे यांच्यातील जुना संबंध तोडला.
३. बिबट्याविषयीचा संघर्ष हा केवळ वनाचा प्रश्न नसून शहराच्या कचऱ्याचा व व्यवस्थापनाचाही प्रश्न आहे.
४. लेणी, तळी व वन यांचे विभागलेले व्यवस्थापन वारशाचे एकत्रित आकलन होऊ देत नाही.

समारोप

परिसरातील महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल, वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र विभागांनी एकत्र येऊन या डोंगरातील पाऊलवाटांचे दस्तऐवजीकरण हाती घेतल्यास ते मोलाचे कार्य ठरेल. लेण्यांतील टाक्यांची मोजणी, पाड्यांतील वृद्धांकडून स्थलनामांची नोंद आणि नद्यांच्या उगमांची पाहणी ही कामे पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांनाही करता येण्याजोगी आहेत. त्यासाठी मोठ्या निधीची नव्हे, तर नियमितपणाची गरज आहे. कल्याणच्या नंद लोहाराचे नाव त्याने दिलेल्या वाटेमुळे आपल्यापर्यंत पोचले. त्याच डोंगरात आज राहणाऱ्या माणसांची नावे कोणत्या नोंदीत सापडतील, हा प्रश्न इतिहासाच्या अध्यापकांनी स्वतःला विचारावयास हवा.