एकांताचा हक्क : कॅमेरा, टेलिफोन आणि एक वकील

कायदा नेहमी तंत्रज्ञानाच्या मागून चालतो, असे आपण म्हणतो. पण नवे तंत्र आले म्हणजे कायद्यात नेमकी कोठे फट पडते? लुई ब्रँडाइस (१८५६–१९४१) या अमेरिकन वकिलाच्या कारकिर्दीकडे पाहिले, तर याचे उत्तर बरेच स्पष्ट होते.

हार्वर्डमध्ये कायदा शिकून ब्रँडाइस यांनी १८७९ साली वर्गमित्र सॅम्युएल वॉरन यांच्यासह बॉस्टनला वकिली सुरू केली. डिसेंबर १८९० मध्ये या दोघांचा 'द राइट टू प्रायव्हसी' हा लेख 'हार्वर्ड लॉ रिव्ह्यू'मध्ये छापून आला. वॉरन यांच्या मुलीच्या लग्नाच्या चटकदार बातम्या वृत्तपत्रांनी छापल्या, म्हणून चिडून हा लेख लिहिला गेला, अशी एक कथा पुढे रूढ झाली. ती खरी असणे शक्य नाही. वॉरन यांचे स्वतःचेच लग्न १८८३ सालचे! तारखा ताडून पाहिल्या की अशा किती कथा गळून पडतात, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासारखे आहे.

खरे कारण अधिक रंजक आहे. पूर्वी फोटो काढून घ्यायचा तर स्टुडिओत जाऊन अवजड कॅमेऱ्यासमोर निश्चल बसावे लागे. म्हणजे बसणाऱ्याची संमती त्यात आपोआपच आली. छायाचित्रकाराने ती प्रत भलत्यालाच विकली, तर करार मोडल्याचा दावा लावता येई. १८८८ साली जॉर्ज ईस्टमन यांनी हातात धरता येणारा कोडॅक कॅमेरा बाजारात आणला. शंभर फोटोंची फिल्म आतच भरलेली, किंमत २५ डॉलर. असल्या झटपट कॅमेऱ्यांनी रस्त्यावरच्या माणसाचा फोटो त्याच्या नकळत काढता येऊ लागला. आता करार कोणाशी झाला होता म्हणायचे? फट पडली ती येथे.

अब्रूनुकसानीचा कायदाही पुरेना, कारण फोटो खोटा नसतो. तेव्हा दोघांनी जुन्या निवाड्यांतून एक धागा शोधला. खासगी पत्र लिहिणाऱ्याच्या परवानगीविना ते प्रसिद्ध करता येत नाही, मग त्या पत्राला बाजारात दमडीची किंमत नसली तरी. याचा अर्थ कायदा येथे मालमत्तेला नव्हे, तर माणसाच्या व्यक्तित्वाला जपतो. हेच तत्त्व फोटोलाही लावा, असा त्यांचा युक्तिवाद होता.

न्यायालयांनी तो लगेच मानला नाही. पिठाच्या जाहिरातीसाठी एका मुलीचे चित्र तिला न विचारता २५,००० पत्रकांवर छापले गेले, तेव्हा १९०२ साली न्यूयॉर्कच्या न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी तिचा दावा फेटाळला. लोक संतापले आणि १९०३ साली तेथे कायदाच झाला. १९०५ साली जॉर्जिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क स्पष्टपणे मान्य केला.

१९१६ साली ब्रँडाइस अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती झाले. १९२८ साली त्यांच्यापुढे ओल्मस्टेड खटला आला. दारूबंदीच्या काळात सिअ‍ॅटलमधल्या चोरट्या दारूविक्रेत्यांचे टेलिफोन अधिकाऱ्यांनी कित्येक महिने चोरून ऐकले होते. तारा जोडल्या होत्या त्या घराबाहेर. कोणाच्या घरात शिरले नाहीत, काही उचलून नेले नाही, म्हणून ही राज्यघटनेच्या अर्थाने 'झडती' नव्हे, असे पाच न्यायाधीशांनी ठरवले. ब्रँडाइस विरोधात गेले. त्यांचे म्हणणे असे, की टेलिफोन ऐकला की दोन्ही टोकांच्या माणसांचे, कोणत्याही विषयावरचे, सगळे बोलणे उघडे पडते. उद्या कपाटातले कागद न हलवताही ते न्यायालयात उभे करण्याची साधने निघतील, मग घटनेने दिलेले संरक्षण उरेल काय? ब्रँडाइस त्या दिवशी हरले. मात्र १९६७ साली कॅट्झ खटल्यात त्याच न्यायालयाने ओल्मस्टेडचा निकाल सोडून दिला.

आपल्याकडेही असेच घडले. १९६२ साली खरक सिंग खटल्यात बहुमताने खासगीपणाला मूलभूत हक्क मानले नाही; न्या. सुब्बा राव यांनी मात्र भिन्न मत नोंदवले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने हा हक्क मान्य केला. त्यातील न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या निकालपत्रात वॉरन-ब्रँडाइस यांच्या लेखाची चर्चा आहे.

कोडॅकच्या काळात अनोळखी माणसाचा फोटो काढला, तरी तो अनोळखीच राही. आज संगणक चेहऱ्याचे आकड्यांत रूपांतर करतो आणि साठवलेल्या लाखो चेहऱ्यांशी ताडून नाव सांगू शकतो. फोटो काढणे आणि माणूस ओळखणे यांमधले अंतर कृत्रिम बुद्धिमत्तेने जवळजवळ पुसले आहे. फट पुन्हा पडली आहे.

वर्गात हा विषय घेताना दोन प्रश्न विचारता येतील. स्नेहसंमेलनाचे फोटो सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी कोणाकोणाला विचारायला हवे? आणि शाळेच्या फाटकावरच्या कॅमेऱ्याने नुसते पाहणे व प्रत्येक मुलाला नावानिशी ओळखणे, यांत फरक कोणता? मुले वाद घालतील. तो घालू द्यावा. प्रत्येकाला आपल्या मताचे कारण मात्र द्यायला लावावे.